जुन्या खोडाचा मृदंग

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून प्रस्थान ठेवलेली तुकोबारायांची पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी अशी मजल दरमजल करीत बारामतीस येते आणि तेथून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी ह्या गावांवरून इंदापुरास पोचून पुढे सराटीजवळ नीरा ओलांडते. त्या थोड्या दिवसांत आमच्या बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांतील मृदंगांवर जेवढा भार पडतो, तेवढा एरवी महिनोन्‌महिने पडत नाही. काटेवाडीस धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीस आणि इंदापुरास अश्व धावतो, आणि ह्या प्रत्येक प्रसंगी गावोगावच्या दिंड्या आपापला ताल घेऊन उभ्या असतात. दिंडीत विणेकऱ्याचे स्थान मानाचे, चोपदाराचे शिस्तीचे आणि टाळकऱ्यांचे संख्याबळाचे; परंतु ह्या सर्वांची पावले ज्या एका आघातावर पडतात तो आघात मृदंगाचा असल्यामुळे, दिंडीच्या चालकाला पालखीच्या आधी जी काळजी लागलेली असते तीत मृदंग कोण वाजविणार ह्याच्या जोडीने कोणता मृदंग वाजणार हाही प्रश्न असतोच.

माध्यमिक शाळेतील नोकरी सांभाळून, आणि सेवानिवृत्तीनंतर तर पूर्ण वेळ, मी इंदापूर तालुक्यातील मुलांना मृदंग शिकवीत आलो आहे. शिकावयास येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी जिराईत जमीन, आणि तीही भावाभावांत वाटली गेलेली. अशा घरच्या जमाखर्चात वाद्यखरेदीचा रकाना नसतो. मुलगा वर्ष-दोन वर्षे माझ्याकडील मृदंगावर हात बसवितो, धुमाळी आणि भजनी ठेका स्वच्छ वाजवू लागतो, गावच्या सप्ताहात कोणी त्याला साथीला बसवितो, आणि मग स्वतःच्या वाद्याची निकड उत्पन्न होते. बाजारात आता फायबरच्या खोडाचे, नटबोल्टाने ताणावयाचे मृदंग मिळतात. ते हलके असतात, पावसात टिकतात, आणि मैलोगणती चालणाऱ्या वारकऱ्याने ते गळ्यात अडकविले तर मी त्याला दोष देणार नाही. पण शिकणाऱ्याच्या हाती पहिला मृदंग यावा तो लाकडाचा यावा, आणि शक्य तर जुन्या लाकडाचा यावा, असे माझे ठाम मत आहे. आणि ते मत जुन्याच्या मोहातून बनलेले नाही.

लाकूड तोडल्यावरही वर्षानुवर्षे सुकत राहते, आणि सुकताना आकसते. आमचा हा मुलूख पर्जन्यछायेचा. येथील उन्हाळा कोरडा आणि दीर्घ असतो. दमट हवेच्या गावी घडविलेला, पुरता न मुरलेल्या लाकडाचा नवा मृदंग चैत्र-वैशाखात इंदापूरच्या पत्र्याच्या घरात ठेवला, की त्याच्या तोंडाशी चीर पडण्याचा संभव फार. उलट, ज्या शिसवी किंवा खैराच्या खोडाने येथले तीस-चाळीस उन्हाळे काढले आहेत, त्याला जेवढे तडकावयाचे होते तेवढे ते तडकून चुकलेले असते, आणि जेथे तडकले नाही तेथे ते पुढेही बहुधा तडकत नाही. मृदंगाचे कातडे, ते ताणणारी वादी आणि त्यावरची शाई ह्या नाशवंत वस्तू; त्या आज ना उद्या बदलाव्याच लागतात. सबब जुना मृदंग घेणारा माणूस वस्तुतः लाकूड विकत घेत असतो, आणि त्याने दृष्टी लाकडावरच ठेवली पाहिजे.

हे सांगण्यास निमित्त झालेला मृदंग मला काटेवाडीच्या पुढे, पालखीमार्गापासून थोड्या आतल्या बाजूस असलेल्या एका वस्तीवर मिळाला. त्या घरचे कर्ते गृहस्थ भजनी मंडळाचे जुने पखवाजी. माझी त्यांची ओळख वारीतली, आणि वारीतल्या ओळखीला जो जिव्हाळा असतो तो तीत होता. ते निवर्तल्यानंतर घरात वाजविणारे कोणी उरले नव्हते. मृदंग पडवीतल्या खुंटीवर गवसणीत लटकत होता. गवसणी काढली तेव्हा प्रथमदर्शनी मन खट्टू व्हावे अशीच त्याची अवस्था होती: डाव्या तोंडावरची कातड्याची पुडी उंदरांनी कुरतडलेली, उजव्या पुडीची शाई खपल्या होऊन निघालेली, वादी कडक होऊन ठिकठिकाणी तुटलेली, आणि वादीखालच्या लाकडी गठ्ठ्यांपैकी काही हरवलेले. आधी एकदोघे पाहून गेले होते आणि ह्यात आता राम नाही असा शेरा मारून परतले होते. डावी पुडी कुरतडलेली असणे हा मात्र मला अपशकुन वाटला नाही. डाव्या तोंडाला वाजविण्यापूर्वी कणीक लावतात, ती वाजवून झाल्यावर खरवडून काढावी लागते, आणि शेवटच्या दुखण्यात त्या गृहस्थांच्या हातून ते राहून गेले असणार; उंदीर आले ते कणकेच्या वासाने. त्यावरून खोडाची परीक्षा होत नाही.

खोडाची परीक्षा मी कशी करतो ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण ती कोणालाही करता येण्यासारखी आहे. पहिली गोष्ट, खोड आडवे मांडीवर घेऊन बोटांच्या पेरांनी त्याच्या सर्वांगावर ठोके मारीत जावे. नाद सर्वत्र एकजात खणखणीत असेल तर उत्तम, मध्येच तो बद्द झाला तर तेथे आत पोकळ कीड किंवा भरलेली भेग आहे असे समजावे. दुसरी गोष्ट, पांढऱ्या कापडावर खोड उभे करून तळहाताने थोपटावे; ताजा पिवळसर भुसा कापडावर पडला तर कीड अद्याप जिवंत आहे, आणि तसा मृदंग कोणी फुकट दिला तरी घरात आणू नये. तिसरी परीक्षा भेगेची. ह्या मृदंगाच्या डाव्या तोंडाशी सुमारे चार बोटे लांबीची, लाखेने भरलेली एक चीर होती. ती लाकडाच्या धाग्याच्या दिशेने गेलेली होती, आडवी नव्हती. आणि उभ्या चिरेला मी भीत नाही, जोपर्यंत ती आरपार नाही तोपर्यंत. ते ठरविण्यासाठी फाटक्या पुड्या दोन्ही बाजूंनी सोडविल्या, खोड माजघरातल्या काळोखात नेले, एका तोंडातून आत विजेरी धरली आणि दुसरे तोंड कापडाने झाकून बाहेरून ती चीर डोळ्यांजवळ घेतली. प्रकाशाची रेषाही बाहेर आली नाही. मग आत हात घालून पाहिला. लांबी सव्वीस इंच, उजवे तोंड साडेसहा, डावे साडेनऊ, भिंतीची जाडी सर्वत्र जवळजवळ सारखी, आणि काळसर तपकिरी शिसव. पुडीच्या दुर्दशेकडे पाहून परत गेलेल्यांनी काय गमावले ते मला त्या क्षणी कळले.

किमतीच्या बोलण्यात त्या गृहस्थांच्या मुलाने हात जोडून सांगितले की ही देवाची वस्तू, हिचे पैसे घ्यावयाचे नाहीत. मला ते मान्य नव्हते. मृदंग देवापुढे वाजतो हे खरे. तथापि त्या गृहस्थांनी तो एके काळी कष्टाच्या पैशांतून घेतला होता, आणि घरात त्यांच्या आजारपणाचे देणे अजून फिटले नव्हते. फुकट मिळालेल्या वाद्याची निगाही मुले राखीत नाहीत, असा माझा अनुभव आहे. शेवटी चार हजारांवर व्यवहार ठरला. त्या गृहस्थांच्या पत्नी इतका वेळ उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘गुरुजी, पैशाचं तुम्ही म्हणता तसं. पण ह्यांच्या पुण्यतिथीला दरसाल ह्यो मृदंग हितं अंगणात वाजला पायजे.’’ मी म्हटले, ‘‘वहिनी, हे तोंडी नको, लिहूनच देतो.’’ आणि पावतीवर रकमेच्या खाली ती अट मी स्वहस्ते नमूद केली, मुलाची व माझी सही झाली, आणि एक प्रत त्यांच्या देव्हाऱ्यातल्या पोथीत गेली. ती वहिवाट पाळली जात आहे.

मृदंग चढविण्याचे काम बारामतीतील एका वृद्ध कारागिराकडे दिले. त्यांनी विजेरी मागितली नाही; खोड हातात घेताच डोळे मिटून उजवा हात कोपरापर्यंत आत घातला आणि म्हणाले, ‘‘हे कातलेलं न्हाई, सर, कोरलेलं हाय. हात घाला आत.’’ मी घातला. आतल्या पृष्ठभागावर पटाशीच्या उथळ खुणा ओळीने बोटांना लागत होत्या, आणि त्या खुणा तोंडापासून मध्यापर्यंत एका लयीत गेल्या होत्या. ज्याने हे खोड पोखरले त्याने कोठेही घाई केली नव्हती. यंत्रावर कातलेले खोड आतून गुळगुळीत असते. असे हाताने पोखरलेले आता क्वचितच दृष्टीस पडते.

पहिले काम काठाचे. पुडी ज्या काठावर बसते तो काठ एका पातळीत नसेल तर मृदंग जन्मभर सुरात लागत नाही, मग त्यावर कितीही उत्तम कातडे चढवा. कारागिराने शहाबादी फरशीवर खडूची भुकटी पसरली, खोड त्यावर उभे धरून हलकेच फिरविले आणि उचलले. काठाला जेथे जेथे भुकटी लागली नव्हती तेथे तेथे तो खोल होता. मग फरशीवर पॉलिश पेपर घालून, पुन्हा भुकटी, पुन्हा घासणे, असे करीत ते संपूर्ण काठ पांढरा उमटेपर्यंत थांबले नाहीत. आणि त्यानंतर काठाची आतली धार अगदी किंचित गोल केली, म्हणजे ताणलेले कातडे तिच्यावर कापले जाऊ नये.

पुडी बकरीच्या कातड्याची. काठालगतची चाट, तिच्या आतली लव आणि मध्ये शाई असे उजव्या पुडीचे तीन भाग; भोवती चामड्याचा विणलेला गजरा, आणि गजऱ्यातील सोळा घरांतून जाणारी म्हशीच्या कातड्याची वादी. वादी भिजवून मऊ करून ओवतात आणि ओली असतानाच ओढतात. ओढताना एका बाजूने क्रमाने जात नाहीत. एक घर ओढले की समोरचे, मग त्याच्या काटकोनातले, असे करीत ताण सर्व बाजूंनी हळूहळू चढवीत नेतात. वादी उन्हात नव्हे, सावलीत वाळवावी लागते. उन्हात वाळली तर ती वरून कडक आणि आतून कच्ची राहते.

परंतु ह्या साऱ्या कामात मला तासन्‌तास खिळवून ठेवणारा भाग शाईचा. लोखंडाचा अतिसूक्ष्म कीस आणि भाताची खळ ह्यांचा काळा लगदा. त्याचा पातळ थर अंगठ्याने पुडीच्या मध्यभागी पसरावयाचा, आणि तो पुरता वाळण्याआधीच गुळगुळीत दगडाने घोटू लागावयाचे. घोटता घोटता थराला डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा भेगा पडतात, आणि त्या पडल्याच पाहिजेत. कारण अखंड, कडक टिकली कातड्याला जखडून टाकील, भेगाळलेली शाई मात्र कातड्याबरोबर हलते. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा लहान, म्हणजे मध्ये शाई जाड आणि कडेला विरत गेलेली. कारागीर मधूनमधून बोटाने एक टिचकी मारीत, कान खाली नेत, आणि काही न बोलता पुन्हा दगड उचलीत. आणखी थर हवा की पुरे, ह्याचा निर्णय केवळ कानाचा.

ह्या शाईचे शास्त्रीय मर्म सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी उलगडले. साध्या ताणलेल्या पडद्याच्या कंपनांतून जे वरचे नाद निघतात ते मूळ नादाशी पूर्णांकाच्या प्रमाणात नसतात, म्हणून सामान्य नगाऱ्याला आवाज असतो पण सूर नसतो. मध्यभागी भार दिलेल्या आपल्या मृदंग-तबल्यात मात्र ते नाद स्वरानुकूल प्रमाणात येतात, आणि पडद्याच्या नऊ प्रकारच्या कंपनांतून पाच सुरेल नाद सिद्ध होतात, असे त्यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडले आणि १९३४ मध्ये अधिक विस्ताराने लिहिले. नोबेल पारितोषिक मिळालेल्या शास्त्रज्ञाने ज्याचा अभ्यास करावा, ते ज्ञान बारामतीच्या बोळातला हा कारागीर अंगठा आणि दगड ह्यांनी वापरीत होता. त्याच्या विद्येला विद्या म्हणण्यास आपण आजवर कचरत आलो, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते.

ह्याच संदर्भात आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. कीर्तनात मृदंग देवासमोर वाजतो, त्याला फुले वाहतात, त्याला पाय लागू देत नाहीत. परंतु ज्यांनी हे कातडे कमाविले आणि ही वादी कापली, त्या जातींतील माणसांना पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात पाऊल टाकण्यास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. चोखोबांची समाधी महाद्वारापुढे, नामदेवपायरीच्या समोर बाहेरच आहे. ह्या लोकांनी घडविलेली वस्तू शतकानुशतके आत, आणि घडविणारे बाहेर, हा अन्याय आता कायद्याने मिटला. पण पुडी बदलून घेताना पाचपन्नास रुपयांसाठी कारागिराशी घासाघीस करणारे बुवा मी अजून पाहतो, तेव्हा तो मनांतून मिटला आहे असे मला म्हणवत नाही.

मृदंग घरी आणल्यावर तो सुरात लावण्याचे काम माझे. वादीखाली बसविलेले आठ लाकडी गठ्ठे हातोडीने डाव्या तोंडाकडे सरकविले की ताण वाढून सूर चढतो. बारीकसारीक फरक मात्र गजऱ्यावर वरून किंवा खालून हलका ठोका मारून साधावा लागतो. एका घरापाशी ‘ता’ चढा आणि समोरच्या घरापाशी उतरलेला, अशी नव्या पुडीची स्थिती काही काळ असतेच. ती एकदम ओढून काबूत आणण्याचा अट्टहास करू नये. कातड्याला ताण सवयीचा होऊ द्यावा, रोज थोडे वाजवावे, थोडे चढवावे. हा मृदंग हळूहळू काळी दोनमध्ये स्थिर झाला. त्यानंतर डाव्या तोंडाची कणीक. कणीक सैल भिजविली तर ओघळते, घट्ट भिजविली तर वाजविता वाजविता सुटून पडते. तिचे आकारमान ठरावयाचे ते उजव्या पुडीच्या सुराखाली डाव्या बाजूचा खर्ज बरोबर येईपर्यंत चिमूटभर वाढवीत किंवा काढीत. मुलांना मी हे पहिल्याच महिन्यात करावयास लावतो, कारण कणीक लावता लावता कान जितका तयार होतो तितका बोल घोकून होत नाही.

लाकूड, काठ आणि ताण ह्यांची ही काळजी केवळ मृदंगापुरती नाही. माझा एक जुना विद्यार्थी बारामतीकडे ऑर्केस्ट्रात वाजवितो. त्याने एकदा मेपलच्या लाकडाचा वापरलेला स्नेअर ड्रम विकत घेतला होता, आणि तो लावताना मला बोलावले होते. चौदा इंचांचे तोंड, प्लास्टिकचा पडदा, मेपलचे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवून वाकविलेले कडे, खालच्या पडद्याला टेकलेल्या तारा, आणि ताण देण्यासाठी भोवती स्क्रू. त्याची चावी समोरासमोरच्या स्क्रूंवर आळीपाळीने फिरविताना मला आमच्या वादीचाच क्रम आठवला. आणि काठ पातळीत आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यानेही पडदा काढून ते कडे फरशीवर उभे केले, तेव्हा मला फार समाधान वाटले. त्या ड्रमला सूर धरावयाचा नसतो, त्याचे काम खणखणीत लय देण्याचे. त्यामुळे तेथे शाईचे प्रयोजन नाही. पण जुने, मुरलेले लाकूड शोधावे, काठ नीट करावा, ताण सर्व बाजूंनी सारखा द्यावा, हे तीन नियम मेपलला जेवढे लागू तेवढेच शिसवाला.

काटेवाडीकडून आणलेला तो मृदंग आता निमगाव केतकीच्या बाजूच्या एका मुलाकडे आहे. त्याचे वडील पानमळ्यात मजुरी करतात. किंमत तो हप्त्यांनी फेडीत आहे. गेल्या वर्षी बेलवाडीच्या रिंगणात तो गावच्या दिंडीबरोबर उभा होता. पावसाची भुरभुर सुरू झाली तेव्हा त्याने आधी स्वतःची टोपी काढून पुडीवर धरली, मग मागच्या माणसाकडून प्लास्टिकचा कागद घेतला. उडीच्या खेळात लय चढत गेली, टाळकऱ्यांची पावले दुप्पट झाली, आणि त्या गलबल्यातही शिसवाचा तो भरीव ‘धा’ मला दुरून वेगळा ओळखू येत होता. त्याने आता चौताल शिकावयास घेतला आहे. वाई परिसरातून निघून इंदूरच्या होळकर दरबारी कीर्ती मिळविलेल्या नाना पानसे ह्यांची परंपरा आणि वारकऱ्यांचा भजनी बाज ह्या दोन्हींचे शिक्षण एकाच हाताला मिळावे, अशी माझी इच्छा आहे. ह्या मुलाच्या बाबतीत ती फलद्रूप होईल असे वाटते. पुढच्या शिक्षणासाठी जोगमहाराजांनी १९१७ मध्ये आळंदीस स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत त्याने जावे असे मी त्याच्या वडिलांना सुचविले आहे.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील गावोगावी, देवळांच्या ओवऱ्यांत, माळ्यांवर, दिवंगत पखवाज्यांच्या घरच्या खुंट्यांवर असे मृदंग पुष्कळ पडून आहेत. फाटक्या पुडीकडे पाहून ते जळणात घालू नका, किंवा शोभेसाठी विकून टाकू नका. खोड ठोकून पाहा, चीर तपासा, आणि ज्येष्ठ लागण्यापूर्वी ते एखाद्या शिकणाऱ्या मुलापर्यंत पोचवा. आणि पुडी चढवून घ्याल तेव्हा कारागीर मागेल ती मजुरी पुरती द्या.